बांधावरची आडवी ओळ

एका ओढ्याच्या काठी, करवंदीच्या जाळीत, एक सशीण आपल्या लेकीला घेऊन राहत असे. जाळीपुढे थोडा उतार होता. तिथे तिने वाफे केले होते आणि खालच्या अंगाला, माती वाहून जाऊ नये म्हणून, एक बांध घातला होता. वाफ्यांत आणि बांधावर ती दर पावसाळ्यात एकच फूल लावी, तेरड्याचे. तुम्ही म्हणाल, तेरडा तर रानात कुठेही उगवतो, तो मुद्दाम लावायचा कशाला? पण मुलांनो, सशिणीचा तेरडा रानातल्यासारखा नव्हता. त्याच्या पाकळ्या दुहेरी होत्या, एकीत एक बसवल्यासारख्या, आणि पांढऱ्याशुभ्र रंगावर बारीक गुलाबी शिंतोडे. जणू कुणी दुरून चिमूटभर गुलाल उधळला असावा.

हे बी सशिणीने माहेराहून आणले होते. तिच्या आईने ते आपल्या माहेराहून आणले होते. त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. लेक सासरी निघाली की आई तिची ओटी भरी. सशांच्या ओटीत नारळ आणि खण कुठले असणार? हरळीची एक जुडी, चार पिकली बोरे आणि पळसाच्या पानात बांधलेली तेरड्याच्या बियांची पुरचुंडी. पुढच्या श्रावणात लेकीच्या दारी तो तेरडा फुलला की समजायचे, पोरीचा जीव तिथे रमला.

तेरडा वर्षाचे झाड. आषाढात रुजायचे, श्रावणात फुलायचे, दसऱ्यानंतर सुकून जायचे. म्हणून दर वर्षी बी धरायचे आणि दर वर्षी पेरायचे. सशिणीच्या माहेरचे रान पुढे एका उन्हाळ्यात वणव्यात गेले. तेव्हापासून हा शिंतोड्यांचा तेरडा तिच्या चार वाफ्यांतच काय तो उरला होता.

त्या वर्षी वैशाखात सशिणीच्या लेकीच्या पायात करवंदीचा काटा मोडला. पाय सुजला, ताप चढला. पोरगी उठेना की खाईना. सशिणीने पाला वाटून लावला, ओढ्याच्या पाण्याने पाय धुतला, गुण येईना. शेवटी ती उंबराखाली गेली. तिथे शेंदूर लावलेला एक दगड होता. रानातले सगळे त्याला रानदेवी म्हणत. सशिणीने दगडापुढे कपाळ टेकले आणि म्हणाली, "आई, माझ्या लेकीला पायावर उभी कर. यंदा श्रावणातल्या पहिल्या फुलापासून अखेरच्या फुलापर्यंत माझ्या बागेतलं सगळं तुझं. एकही फूल झाडावर ठेवणार नाही."

उंबराच्या मुळाशी एक म्हातारा कासव राहत असे. सारे त्याला आजोबा म्हणत. त्याने कवचातून मान बाहेर काढली.

"सशीणबाई, नवस बोललीस ते बरं केलंस. पण 'एकही' म्हणालीस, ते जरा जास्तच झालं बघ. फूल राहिलं नाही तर बोंड कुठून धरणार?"

"आजोबा, माझी पोर तिकडे तळमळतेय. अशा वेळी देवीशी घासाघीस करू का मी?"

 कासवाने हळूच मान आत घेतली.

दोन-तीन दिवसांत ठसठस थांबली, काटा वर आला आणि पोरगी उड्या मारू लागली. थोडी लंगडायची, पण धावायची. सशिणीला आभाळ ठेंगणे झाले. आषाढात पेरणीची वेळ आली तेव्हा तिने बियांची पुरचुंडी सोडली आणि सगळेच्या सगळे बी वाफ्यांत आणि बांधावर टाकले. दर वर्षी ती मूठभर बी मागे ठेवी, पाऊस दगा देईल म्हणून. या वर्षी तिने तेवढेही ठेवले नाही. देवाला देताना हात राखून कसे चालेल?

श्रावण आला. बाग अशी फुलली की जाणारी-येणारी पाखरे थांबून बघत. सशीण पहाटे ओढ्यात बुडी मारून येई, काटक्यांच्या परडीत ओली फुले वेची आणि लेकीला म्हणे, "बाळे, फांदीखाली बघ. एखादं लपलेलं असेल." झाड अगदी निपटून दोघी उंबराखाली जात. देवीचा दगड फुलांत दिसेनासा होई. उंबरावर बसलेला कावळा वरून सगळे पाहत असे. कुणाचा नेम चालू आहे, कुणाचा मोडला, कुणी उपासाच्या दिवशी गुपचूप पेरू खाल्ला, हे सगळे कावळ्याला ठाऊक असे. आणि त्याला ठाऊक झाले की ते साऱ्या रानाला ठाऊक होई.

भाद्रपदात गौरी येण्याचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. पहाटे जरा उघडीप झाली तशी सशीण परडी घेऊन बाहेर आली. वाफ्यांतली फुले वेचून झाली, बांधावरची ओळ तेवढी राहिली. ती बांधाकडे वळली आणि थबकली. तेरड्याचे देठ पाण्याने भरलेले, मऊ. पावसाच्या माराने ती सबंध ओळ मुळाशी कलंडून आडवी पडली होती. आणि बांधाच्या पोटातून बारीक चिरका आवाज येत होता.

तिथे एका चिचुंद्रीचे बीळ होते. चिचुंद्री रात्री बाहेर पडे, किडे-अळ्या खाई आणि दिवसा घरात राही. तिच्या अंगाला उग्र वास येई, म्हणून तिच्याकडे कुणाचे जाणे-येणे नव्हते.

"कोण आहे गं आत?" सशिणीने विचारले.

"मी आहे, सशीणवहिनी! पाणी शिरलंय. पोरं लहान आहेत हो, डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. एकाला वर ठेवते तर दुसरं बुडतंय!"

सशिणीने एकदा परडीकडे पाहिले, एकदा उंबराकडे. मग परडी चिखलात ठेवून तिने बिळाचे तोंड उकरायला घेतले. एकेक पिल्लू तोंडात हळूच धरून ती आपल्या जाळीत नेऊन ठेवू लागली. वास? वास तर होताच. पण भिजून गारठलेले पिल्लू तोंडात असताना नाक मुरडायला सवड कुणाला असते? मग लेकीने आणि तिने मिळून बिळाला बाजूने चर खणला, पाणी काढले, कोरडी माती आणून आत ओतली. पिल्ले परत बिळात निजली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. परडी कलंडली होती आणि फुले चिखलात रुतली होती.

मातीला लागलेले फूल देवाला चालत नाही. देवीला त्या दिवशी एकही फूल पोचले नाही.

"काव! गौरीच्या दिवशीच नेम मोडला!" कावळा उंबरावरून ओरडला. "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते काही खोटं नाही. भक्तीचं पण तसंच. आणि कुणासाठी मोडला, तर चिचुंद्रीसाठी!"

सशीण रडकुंडीला आली. ती उंबराखाली गेली आणि रिकाम्या पंजांनीच तिने नमस्कार केला.

"आजोबा, देवी रागावली असेल का हो?"

कासवाने सावकाश डोळे उघडले. "देवी म्हणजे काय कावळा आहे, सगळ्यांच्या चुका मोजत बसायला? जा, जेव जा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

दुसऱ्या दिवशी सशीण बांधाची आडवी ओळ उपटून टाकायला गेली. पडलेली झाडे ठेवून काय करायचे? पण पाहते तर ती झाडे चिचुंद्रीच्या दारावरच ओणवी झाली होती. पावसाचे थेंब पानांवर अडत होते आणि आत पिल्ले ऊबदार झोपली होती.

"राहू दे गं," ती लेकीला म्हणाली, "तेवढाच दाराला आडोसा."

त्या आडव्या झाडांनाही पुढे फुले आली. पण तेरड्याच्या त्या फांद्या चिखलात लोळत होत्या. ती फुले मातीला टेकलेली, म्हणून सशिणीने परडीत कधी घेतली नाहीत. तिकडे बघितले की तिला चुकलेला नेम आठवे. म्हणून हळूहळू तिने तिकडे बघणेच सोडले. वाफ्यांतली फुले मात्र ती रोज निपटून नेत राहिली.

नवरात्र उठले, दसरा झाला. तेरडा सरला. वाफे सुकले, झाडे काळी पडली. त्याच सुमारास नदीपलीकडच्या माळावरून लेकीला मागणी आली. स्थळ चांगले होते. मुलगा शांत, माळावर हरळी भरपूर. पोरगी लंगडते हे त्यांना सांगितले, तर मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे कुठे शर्यती लावायच्या आहेत?" तुळशीचे लग्न झाले की लेकीची पाठवणी करायची, असे ठरले.

एका दुपारी लेक आईपाशी येऊन बसली. "आई, नदी ओलांडून मला सारखं सारखं येता येणार नाही गं. पाय दुखतो."

"हो गं बाळे."

"पण तेरडा फुलला की तू आल्यासारखं वाटेल मला. पुरचुंडी मोठी बांध हं. मी आधी दाराशीच लावीन."

 सशीण उठून वाफ्यांकडे धावली. एकेक वाळलेले झाड तिने हलवून पाहिले. एरवी या दिवसांत तिच्या घरी बी कोरडे होऊन पानात बांधलेले असे. बोंड पिवळसर झाले की ते पंजात धरून हलकेच दाबायचे. टप्प करून ते फुटे आणि तपकिरी बिया पंजात सांडत. बोट लागायला उशीर झाला तर बोंड आपणहून फुटून बी चहूकडे उडून जाई. पण या वर्षी बोंड धरलेच नव्हते. धरणार कसे? फूलच झाडावर ठेवले नव्हते.

बागेत एक बी नव्हते. घरात एक बी नव्हते. माहेरचे रान तर केव्हाच जळून गेले होते.

सशीण वाफ्यातच बसली. "आई," ती उंबराच्या दिशेने म्हणाली, "मी तुला सगळं दिलं गं. माझ्या लेकीचंही देऊन बसले की काय?"

कावळा हे सगळे पाहत होता. मघापासून तो नुसता मान वाकडी करत होता. आता तो खाली उतरला आणि जरा आवाज बारीक करून म्हणाला, "सशीणबाई, एवढं काय मनाला लावून घेतेस? ओढ्याच्या वर रानतेरडा माजलाय नुसता. त्याच्या बोंडांत अजून बी आहे. दे बांधून पुरचुंडीत. बी ते बी, दिसायला सारखंच. पोरगी ओळखणार थोडीच?"

"आणि श्रावणात फूल उमलेल तेव्हा?"

"तोवर रमेल की ती तिकडे. मी काही कुणाला सांगणार नाही."

सशिणीला रडता रडता हसू आले. "तू सांगणार नाहीस?"

"बरं, सांगेन कदाचित," कावळा म्हणाला, "पण उशिरा सांगेन."

"नको रे बाबा. परक्या घरी पहिल्या श्रावणात दारी जाऊन बघेल, आणि फूल निघेल भलतंच. तिला वाटेल, आईनंसुद्धा फसवलं. त्यापेक्षा रिकामी ओटी बरी."

तिने लेकीला जवळ बसवले आणि झाले ते सगळे सांगितले. लेक बराच वेळ जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "आई, तो नवस माझ्याच पायासाठी होता ना? मग राहू दे. पाय तर आहे माझ्याजवळ." एवढे बोलून ती पटकन जाळीत निघून गेली, आईने डोळे पाहू नयेत म्हणून.

पाठवणीचा दिवस आला. सशिणीने रानभर बोलावणे धाडले. साळुंकी, खार, मुंगशीण, सगळ्यांना. चिचुंद्रीलाही.

"तिला कशाला?" कावळा म्हणाला. "नदीपलीकडचे पाहुणे येणार. सगळे नाक धरून बसतील."

"ओटी भरायला येणाऱ्या बाईला वासावरून कुणी दारातून परत पाठवतं का? तिला बोलवायचं नसेल तर मला पाठवणीच करायची नाही."

सगळ्या आल्या. साळुंकीने ओटीत पिकले अंजीर घातले, खारीने चिंचेचे बोटूक, मुंगशिणीने मऊ कापूस. सशिणीने हरळीची जुडी ठेवली, चार बोरे ठेवली, आणि तिचा पंजा तिथेच थांबला. पुरचुंडीची जागा रिकामी होती. मुलाच्या आईला रीत ठाऊक नव्हती, पण लेकीला ठाऊक होती. लेक मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हटले, "वहिनी, मी जरा लांबूनच देऊ का?"

चिचुंद्री जाळीच्या कडेला, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी होती. तिची पिल्ले आता मोठी झाली होती. एकमेकांचे शेपूट तोंडात धरून, आगगाडीसारखी ती तिच्यामागे आली होती. तिच्या तोंडात पळसाच्या पानाची गुंडाळी होती.

"लांबून कशाला? ये अशी पुढे," सशीण म्हणाली.

"माझ्या घरी द्यायला काय असणार? आम्ही किडे खाणारी माणसं. ते काही ओटीत घालता येत नाही." साळुंकी हसली. तिला किडे चालत होते. "पण पोरांच्या खेळातले मणी आहेत. आश्विनात आमच्या दारावर रोज टप्प टप्प वाजायचं आणि हे मणी घरात उडायचे. पोरं आधी घाबरायची, मग खिदळायची, कुणाच्या डोक्यावर पडतो म्हणून. आमच्यात दाणा कुणी खात नाही. टाकवेना, म्हणून कोरड्या कोपऱ्यात लोटून ठेवले. पोरं म्हणाली, ताईला देऊ या."

तिने पान उलगडले.

बारीक, गोल, तपकिरी. ओंजळभर.

सशिणीने एक दाणा उचलला, नाकाजवळ नेला, दाताने हलकेच चाचपला. मग तिने बांधाकडे पाहिले. ती आडवी ओळ वाळून गेली होती, पण तिच्या टोकांना फुटलेल्या बोंडांच्या गुंडाळलेल्या साली अजून लोंबत होत्या. मातीला टेकलेली म्हणून न वेचलेली फुले. आडोसा म्हणून न उपटलेली झाडे. चुकलेल्या नेमाची ओळ म्हणून तिने जिच्याकडे पाहणे सोडले होते, तीच ओळ गुपचूप बी धरून बसली होती.

"अगं बाई," ती एवढेच म्हणाली, आणि तिने चिचुंद्रीला सगळ्यांदेखत पोटाशी धरले. वासाचे कुणाला काही आठवले नाही. निदान कुणी बोलले तरी नाही.

तिने निम्मे बी पानात बांधून लेकीच्या ओटीत घातले. लेकीने पुरचुंडी छातीशी दाबली आणि आता मात्र ती मोकळेपणाने रडली. पाहुण्या सासूबाई घाबरून म्हणाल्या, "काय झालं? बोरं आंबट निघाली का?" तशी रडता रडता सगळीच हसली.

लेक नदीपार गेल्यावर सशीण उंबराखाली आली. "आई, मला वाटलं होतं, त्या दिवशी तुला काहीच पोचलं नाही."

कासवाने मान बाहेर काढली. "त्याच दिवशी सगळ्यात जास्त पोचलं असेल, सशीणबाई. तू फुलं कुठे ठेवलीस, ते तिनं पाहिलं असणार."

पुढच्या आषाढात सशिणीने उरलेले बी पेरले. थोडे मागेही ठेवले. श्रावणात बाग फुलली तशी ती परडी घेऊन पहाटे बाहेर पडू लागली. देवीला फुले गेली, रोज गेली, ताजी आणि ओली. पण बांधावरच्या ओळीला तिने परडी लावली नाही. ती ओळ बियांची. तिच्यातली काही फुले भुंग्यांनी लुटली, काही वाऱ्याने गाळली, उरलेल्यांनी बोंडे धरली. बांधाच्या पोटात चिचुंद्रीची नवी पिल्ले टप्प आवाजाची वाट बघत होती.

एके सकाळी कावळा नदीवरून उडत आला. दारासमोर बसून ओरडू लागला.

"काय रे, पाहुणे येणार वाटतं?" सशिणीने विचारले. "की पुन्हा कुणाचा नेम मोडला?"

"मी काय फक्त तेवढंच सांगत असतो?" कावळा फुरंगटून म्हणाला. "पलीकडच्या माळावर गेलो होतो. तुझ्या लेकीच्या दाराशी, अगदी उंबऱ्याला लागून, पांढरी फुलं आलीत. गुलाबी शिंतोडे आहेत. मी जवळ जाऊन बघितलं. आणि तिची सासू म्हणत होती, पहिलं फूल देवाला, पण कडेची ओळ कुणी तोडायची नाही, सूनबाईनं सांगितलंय."

सशिणीने परडी खाली ठेवली आणि नदीच्या दिशेने दोन्ही पंजे जोडले.

तात्पर्य : देवाला वाहताना बियांपुरती फुले झाडावरच ठेवावीत, आणि कुणाचे घर सावरताना राहून गेलेला नेम मोडत नाही, तो मातीत पडून रुजतो.